जाहीर करण्यासारखं काही

डॉक्टरने समोरच्या माइकचं बटण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. बंद होतं. सुनावणी सुरू झाल्यापासून ते बंदच होतं आणि संपेपर्यंत बंदच राहणार होतं, कारण सुनावणीत सदस्यांनी बोलायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं. तरी तिचं बोट राहून राहून तिकडे जात होतं.

"मोडेल ते," शेजारच्या खुर्चीवरचा सदस्य, रोपवाटिका चालवणारा रोपवाला, पुटपुटला. "आणि बिल आपल्या दोघांच्या नावावर फाडतील."

तिने हात मागे घेतला. मग तिचा पाय हलायला लागला.

ती दातांची डॉक्टर होती आणि शहराच्या जुन्या भागातून निवडून आलेली नगरपालिकेची सदस्य होती. दातांच्या डॉक्टरला ऐकायची सवय नसते. समोरच्याचं तोंड दिवसभर उघडं असतं, पण बोलण्यासाठी नव्हे. बोलायचं ते डॉक्टरने, आणि समोरचा 'आँ' म्हणेल तो होकार धरायचा. अशा बाईला सकाळपासून तोंड मिटून बसवलं होतं. त्यात आई फोन उचलत नव्हती. निघताना एकदा करून झाला होता, चहाच्या सुट्टीत पुन्हा करून झाला होता. आई फोन एका खोलीत ठेवते आणि स्वतः दुसऱ्या खोलीत असते, हे काही नवीन नव्हतं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

विषय एकच होता. जुन्या भागात तळमजल्याच्या वर बांधायला मनाई होती, ती उठवून पाच मजल्यांना परवानगी द्यायची की नाही. शहर चहूबाजूंनी फुगत चाललं होतं. नवं इस्पितळ आलं होतं, मालगाड्यांचं आगार आलं होतं, माणसं येतच होती, आणि त्यांना राहायला जागा नव्हती. नगररचना खात्याच्या अधिकाऱ्याने भिंतीवर नकाशा लावून हे सगळं सांगितलं. त्याच्या नकाशात जुना भाग फिक्या गुलाबी रंगात होता आणि त्याच्याभोवती बाकीचं शहर गडद होत गेलेलं होतं. तो काठी टेकवी तिथे नकाशा थरथरे.

डॉक्टरला निवडून दिलं होतं ते या गुलाबी रंगासाठीच. 'आमची गल्ली, आहे तशी' एवढं एकच वाक्य तिच्या पत्रकावर होतं, आणि त्याखाली तिच्या आईचा फोटो, घराच्या पायरीवर बसलेली, मागे निळं दार. सगळ्या शहराने तो फोटो पाहिला होता. आईने पत्रक हातात घेऊन बराच वेळ न्याहाळलं होतं आणि म्हणाली होती, "केस तरी विंचरू द्यायचे होतेस." फोटो चांगला आला होता म्हणून डॉक्टरने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. स्वतः डॉक्टर नव्या वस्तीत सातव्या मजल्यावर राहत होती, पण ते पत्रकावर छापायचं काही कारण नव्हतं.

डोक्यांचा हिशेब तिला तोंडपाठ होता. सभापती सोडून पाच जण बाजूने, पाच जण विरोधात, आणि ती. सभापती एरवी मत देत नसत. फक्त बरोबरी झाली तर देत, आणि तेही कधी बदललं नव्हतं. बरोबरी झाली की आहे ते आहे तसं. म्हणजे गल्लीचं नशीब फिरवायचंच असेल तर ते तिच्या एकटीच्या हाताने फिरणार होतं. चहाच्या सुट्टीत कंत्राटदार सदस्य तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता. बिस्किट बशीत बुडवत तो म्हणाला होता, "डॉक्टर, तुमच्या एका हाताचं काम आहे."

"माझा हात ज्या लोकांनी इथे पाठवलाय, त्यांना विचारा."

"विचारलं. निम्मे लोक घरी नव्हते. कुलूप होतं."

हा चेष्टा करतोय की खरं सांगतोय, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. तिने कप ठेवून आईला फोन लावला होता.

सुनावणीची एक ठरलेली रीत होती. वक्त्याचं नाव पुकारायचं नाही, फक्त भाग पुकारायचा. नावावरून कोण कोणाचं ते कळू नये म्हणून. मग खांबावरचा हिरवा दिवा लागे, मग पिवळा, मग लाल. लाल लागला की थांबायचं. वक्ता थांबला की सभापती पाण्याचा घोट घेत आणि विचारत, "कोणा सदस्याला जाहीर करण्यासारखं काही?" जवळचं नातं असेल, वक्त्याच्या धंद्यात भागीदारी असेल, तर त्या सदस्याने उठून तसं सांगायचं, बाहेर जायचं आणि त्या विषयावर मत द्यायचं नाही. स्वतःहून सांगायचं. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही, तसा नियमच होता. खुद्द सभापतींचा साडू मागे एकदा रस्त्याच्या विषयावर बोलून गेला होता. तेव्हाही सभापतींनी पाण्याचा घोट घेतला, हेच वाक्य विचारलं, सगळीकडे नजर फिरवली, आणि कोणालाच काही जाहीर करायचं नाही असं पाहून पुढच्या वक्त्याला बोलावलं. त्यावर पुढे महिनाभर सगळे हसत होते, सभापतीसुद्धा.

"नवी वस्ती, आगाराजवळचा भाग," चिटणीसबाईंनी पुकारलं.

एक तरुण परिचारिका उठली. इस्पितळाचा गणवेश अंगावर तसाच होता, पायांत पांढरे बूट. तिला बोलायची सवय नव्हती. ती माइकच्या फार जवळ गेली, आवाज घुमला, ती दचकून मागे सरली.

"मी फार काही सांगणार नाही," ती म्हणाली. "माझी ड्यूटी सुटते तेव्हा मला दोन बस बदलून जावं लागतं. इस्पितळाच्या मागेच तुमचा जुना भाग आहे. मी रोज त्या गल्लीतून चालत जाते. छान आहे. मी विचारते, खोली आहे का भाड्याने? तिथल्या आजी म्हणतात, घर आहे, पण मुलाच्या नावावर आहे, तो परदेशी असतो. दुसऱ्या म्हणतात, वर बांधायची परवानगी नाही. एक आजी मला पाणी देतात. बस एवढंच."

हिरवा दिवा अजून जळत होता. ती घाईघाईने जाऊन बसली.

"कोणा सदस्याला जाहीर करण्यासारखं काही?"

कोणाला काहीच नव्हतं. डॉक्टरने कागदावर एक चौकोन काढला, त्याच्यावर दुसरा काढला, मग तिसऱ्याला सुरुवात करून तिथेच पेन टेकवून ठेवलं. पाणी देणारी आजी कोण असेल, हे तिला विचारायची गरज नव्हती. गल्लीत रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून पाणी देणारी बाई एकच होती.

मग मास्तर उठले. चित्रकलेचे मास्तर, निम्म्या सदस्यांना त्यांनी शाळेत सफरचंद आणि सुरई काढायला शिकवलेलं. डॉक्टरच्या आईच्या शेजारी राहत. गल्लीतली एकेक खिडकी त्यांनी कागदावर उतरवली होती, आणि आज ते सगळे कागद काखेत मारून आणले होते. बोलताना त्यांचे हात असे काही चालत की शेजारी उभं राहणं धोक्याचं असे. "ही खिडकी पाहा," ते म्हणाले. "ह्या खिडकीत सकाळी ऊन येतं. समोर पाच मजले उभे राहिले की ऊन कोणाच्या घरी जाणार? कंत्राटदाराच्या!" लोकांनी बाकं बडवली. पिवळा दिवा लागला, लाल लागला, मास्तर सफाईने त्याकडे पाठ करून उभे राहिले. शेवटी चिटणीसबाईंना खुर्चीवरून उठावं लागलं.

डॉक्टरला भरून आलं. आपण बरोबर बाजूला आहोत असं तिला मास्तरांचं बोलणं ऐकताना नेहमी वाटे. रोपवाल्यानेही मान डोलावली. तो तिच्याच बाजूचा होता.

"जुना भाग," चिटणीसबाईंनी पुकारलं. "शेवटच्या वक्त्या."

मागच्या बाकावरून एक बाई उठली. तिने पिशवी शेजारणीच्या हातात दिली, मग काहीतरी आठवून परत घेतली आणि पिशवीसकट मधल्या वाटेने पुढे यायला लागली. केस नीट विंचरलेले होते.

डॉक्टरचा पाय हलायचा थांबला.

आई माइकपाशी आली. माइक तिच्या कपाळाच्या उंचीला होता. शिपायाने पुढे होऊन तो खाली ओढून दिला, तेव्हा ती त्याला "राहू दे रे, ऐकू येईल" म्हणाली, आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. काही जण हसले. सभापतींनी पत्रकावरचा चेहरा ओळखला. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं आणि लगेच समोरच्या कागदांकडे पाहिलं. एकामागून एक सगळ्यांनी तसंच केलं. हिरवा दिवा लागला.

"नमस्कार," आई म्हणाली. "मास्तर माझ्या आधी बोलले. ते छान बोलतात. त्यांच्या चित्रात माझीही खिडकी आहे, त्यांनी मला दाखवली. माझ्या घरापेक्षा चित्रातलीच चांगली दिसते."

पुन्हा थोडं हसू झालं. मास्तरही हसले.

"गल्ली आहे तशी ठेवा म्हणणारे सगळे चांगले लोक आहेत. मी त्यांना ओळखते. त्यांतले बरेच आता गल्लीत राहत नाहीत. सुट्टीच्या दिवशी येतात, पायरीवर बसतात, किती शांत आहे म्हणतात, आणि संध्याकाळी परत जातात. शांत आहे, कारण कोणी नाही. माझ्या समोरच्या बाजूला संध्याकाळी दिवा लागतो तो एका घरात. पूर्वी भांडणं ऐकू यायची, कोणाचं पोर रडलेलं ऐकू यायचं. किराणा दुकान चालेना म्हणून बंद झालं. त्याची तक्रार कोणाकडे करायची, ते मला माहीत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणजे काय, तर माणसं नाहीत."

डॉक्टरच्या तोंडात उत्तर तयार होतं. दुकान बंद झालं ते दुकानदाराच्या मुलाला ते चालवायचं नव्हतं म्हणून. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"मला एक मुलगी आहे," आई म्हणाली.

रोपवाल्याने खाकरून घेतलं.

"लग्न झाल्यावर तिला इथेच राहायचं होतं. खाली दवाखाना काढू, वर एक मजला चढवून आम्ही राहू, असं तिने ठरवलं होतं. जावयांनी नकाशा काढून घेतला. जिना कुठून, खिडकी कुठे, सगळं. माझी खोली मागच्या बाजूला, म्हणजे पेशंटचा आवाज येणार नाही. अर्ज याच इमारतीत दिला होता. नियमात बसत नाही म्हणून परत आला. तेव्हा नियम लिहिणारे जे कोणी असतील, तेही चांगलेच लोक असतील. त्या दिवशी ती जेवली नाही. मग ती नव्या वस्तीत गेली. आता म्हणते, मला तिकडेच जायचं होतं. खूप वर्षं झाली, खरंच तसं वाटत असेल. गेलेली गोष्ट किती दिवस उराशी धरून बसणार माणूस."

डॉक्टरला तो नकाशा आठवला. नुसता आठवला नाही, त्याचा वास आठवला, नव्या कागदाचा, आणि नवऱ्याने त्यावर पेन्सिलने लिहिलेलं 'आई'. ते दोघे तो जमिनीवर पसरून पालथे पडून बघत होते. नंतर तो कागद कुठे गेला, तिला माहीत नव्हतं. आपण हे कसं विसरलो? गेली कित्येक वर्षं ती लोकांना सांगत आली होती की नव्या वस्तीत हवा चांगली आहे, आणि गल्ली जपली पाहिजे, आणि या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून तिने कधी पाहिल्याच नव्हत्या.

"मला माझं घर सोडायचं नाही," आई सांगत होती. "मुलगी म्हणते, माझ्याकडे ये. कशाला येऊ? मला माझ्या घरात माणसांचा आवाज हवा आहे. पाच मजले झाले तर ऊन कमी येईल, मास्तर म्हणतात ते खरं आहे. येऊ दे कमी. इतकं ऊन एकटीने घेऊन मी काय करू? एक मुलगी रोज इस्पितळातून चालत जाते. तिला वरची खोली द्यायला मला आवडेल. पण वर खोली नाही." ती थांबली. पिवळा दिवासुद्धा लागला नव्हता. "वेळ उरला आहे वाटतं. पण माझं झालं."

कोणी बाकं बडवली नाहीत. मास्तर हातातल्या कागदांच्या कडा जुळवत होते, जुळल्या तरी जुळवतच होते.

सभापतींनी पाण्याचा घोट घेतला. नेहमीपेक्षा मोठा घेतला.

"कोणा सदस्याला..." ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "जाहीर करण्यासारखं काही?"

रोपवाला तोंडावर हात धरून कुजबुजला, "बसून राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही. आणि उठलात तरी आपलं बिघडत नाही. पाच-पाच, आणि सभापती आहेतच."

डॉक्टरला ते त्याच्या आधीच कळलं होतं. उठली तर आहे ते आहे तसं. बसली, गप्प राहिली आणि मतदानाला हात बाजूने वर केला, तर आईला हवं ते आईला मिळत होतं. अगदी सोपं होतं. फक्त त्यासाठी, आता, या क्षणी, समोर उभ्या असलेल्या बाईकडे अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहायचं होतं. सभापतींनी साडूकडे पाहिलं होतं, तसं. आईला काही राग आला नसता. आईला कदाचित कळलंही नसतं.

आई पिशवीचे बंद सावरत होती. वक्त्याने बाकावर केव्हा परतायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती तिथेच उभी होती. सगळे खाली मान घालून बसले होते. भरल्या सभागृहात त्या एकट्या बाईकडे कोणीही बघत नव्हतं.

डॉक्टर उठली. उठायचं असं तिने ठरवलं नव्हतं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला तेव्हा तिला कळलं की आपण उभ्या आहोत. तिने बटण दाबलं.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली.

आणखी पुष्कळ बोलता आलं असतं. तिने बटण बंद केलं, कागद तिथेच ठेवले आणि ती बाजूच्या दाराने बाहेर गेली.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात कोणी नव्हतं. भिंतीला टेकून एक बाक होतं, त्यावर ती बसली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. दारामागून चिटणीसबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग दार किलकिलं झालं आणि आई बाहेर आली.

"तू बाहेर का?" आईने विचारलं. "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं. नियम आहे. जवळचं माणूस बोललं की सांगावं लागतं, आणि सांगितलं की बाहेर यावं लागतं. मत देता येत नाही."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे तुझं मत गेलं?"

"तुझ्यामुळे नाही."

"मला हे कोणी सांगितलं नाही. बाहेर पाटीवर एवढंच लिहिलं होतं की सदस्यांनी वक्त्याला उत्तर देऊ नये. ते वाचलं आणि म्हटलं, ही जागा बरी." आई बाकावर बसली. "घरी मी बोलायला लागले की तू अर्ध्यातच उत्तर देतेस. बरोबर असतं तुझं उत्तर, मी नाही म्हणत नाही. पण मग माझं वाक्य तोंडातच राहतं. मला वाटलं, एकदा शेवटपर्यंत बोलून बघू. मग तुला जे करायचं ते कर."

डॉक्टरला रडू येत होतं आणि त्याचबरोबर थोडं हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की तिचं नाक लाल होई. तसं ते झालं.

"तू काय करणार होतीस?" आईने विचारलं. "हात कुठल्या बाजूने वर करणार होतीस?"

त्याच वेळी दारं उघडली आणि माणसं बाहेर आली. आधी कंत्राटदार, कोणाकडे न बघता, फोन कानाला लावून. मग रोपवाला, त्याने लांबूनच अंगठा वर केला. आणि मग मास्तर, काखेत कागद, हात पसरून.

"जिंकलो!" ते म्हणाले. "पाच-पाच, आणि सभापतींनी आपल्या बाजूने टाकलं. आता पुढची निवडणूक होईपर्यंत हा विषय बंद. कोणी ब्र काढणार नाही." त्यांनी डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि जोरजोरात हलवला. "तू आत नसताना जिंकलो, तरी हा विजय तुझाच आहे. शब्दाची पक्की निघालीस. सगळी गल्ली तुझं नाव घेईल." मग ते वळले, आणि आवाज खाली आला. "वहिनी, तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. निदान मला आधी सांगायचं होतं."

आईने पिशवी मांडीवर घेतली.

मास्तरांनी अजून हात सोडला नव्हता. मागे गल्लीतले दोघे-चौघे जमले होते, डॉक्टरला शाबासकी द्यायला वाट बघत. नुसतं हसून मान डोलावली असती तरी भागलं असतं. निवडणूक फार लांब नव्हती.

"मास्तर," डॉक्टर म्हणाली, "मी आत असते तर तुम्ही हरला असतात."

"म्हणजे?"

"मी बाजूने मत देणार होते. आईचं ऐकल्यावर ठरलं माझं."

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा असावी म्हणून ते थोडं हसलेही. मग त्यांनी हात सोडला, कागद दुसऱ्या काखेत घेतले आणि मागच्या लोकांना म्हणाले, "चला." शाबासकी द्यायला आलेल्यांतला एक जण उगाचच घड्याळ बघत निघून गेला. थोड्या वेळात व्हरांडा रिकामा झाला.

"हे त्यांना सांगायची काय गरज होती?" आई रागावून म्हणाली. "मला सांगितलं असतंस तरी पुरे होतं. आता मतं गेली तुझी."

"जाऊ देत."

"जाऊ देत काय? दवाखाना टाकून वर्षभर दारोदार फिरलीस ती काय मौज म्हणून?" पण आईचा चेहरा रागावलेला नव्हता. तिने तोंड फिरवलं आणि पदराने नाक पुसलं. मग जिना उतरताना, डॉक्टरने हात पुढे केला नसतानाही, तिने तिचा दंड धरला. अर्ध्या जिन्यात ती थांबली.

"मास्तर आता माझ्याशी बोलणार नाहीत," ती म्हणाली.

"नाही बोलले तर नाही. त्यांचा स्वभावच..."

डॉक्टरने वाक्य तिथेच सोडलं. आईचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"दुपारी चहाला यायचे ते. नाहीतर मी जायची. भांडायचे माझ्याशी, चहात साखर किती यावरून. गल्लीत दुपारचं बोलायला तेवढे एकच होते गं."

बसथांब्यावर मास्तर आधीच उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. बाकीचे चालत गेले होते. मास्तरांच्याने तेवढं चालवत नसे. डॉक्टरची बस पलीकडच्या बाजूने, उलट दिशेला जाणारी होती. ती आईबरोबर याच बाजूला उभी राहिली. बस येता येईना. डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मास्तरांना समजावून सांगावं असं तिला दोनदा वाटलं. पण आईने दंडावरची पकड घट्ट केली, दोन्ही वेळा.

बस आली. मास्तर चढले आणि खिडकीशी बसले, कागद मांडीवर उभे धरून. शेजारची जागा रिकामी होती, आणि मागेही पुष्कळ रिकाम्या होत्या. आईने मागच्या जागांकडे पाहिलं. मग ती मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली.

डॉक्टर दांडीला धरून उभी राहिली. तिची नजर त्या दोघांवरून हलत नव्हती. आज दुपारी मतदानाचं एवढं दडपण आलं नव्हतं.

"उद्यापासून चहाला येऊ नका," मास्तर काचेकडे बघत म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. "मग तुम्ही या."

बस एका खड्ड्यातून गेली, कागद घसरले. आईने खाली वाकून एक उचलला, बघितला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तू कुठे निघालीस?" तिने मान वर करून डॉक्टरला विचारलं. "तुझं घर तिकडे राहिलं."

"तुला घरापर्यंत पोचवते."

"मला पोचवायला मास्तर आहेत."

मास्तर खिडकीबाहेरच बघत होते. ते हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

पुढच्या थांब्यावर डॉक्टर उतरली. फुटपाथवर उभी राहून तिने मागे वळून पाहिलं. बस जागची हलली आणि मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी दिसली. त्यातलं एक दुसऱ्याकडे वळलेलं होतं, आणि मास्तरांचे दोन्ही हात हवेत जोरजोरात चालले होते. आईचाही एक हात वर आला. भांडत होते दोघं. डॉक्टरच्या जिवात जीव आला.